टीव्ही घेण्याआधी खोली मोजा

बेडरूमसाठी टीव्ही घ्यायचं तुमच्या मनात असेल, तर दुकानात जाण्याआधी घरात एक काम करा. टेप घ्या आणि पलंगावर जाऊन बसा. रोज रात्री जसे उशीला टेकून बसता, अगदी तसेच बसा. घरातल्या कुणाला तरी टेपचं दुसरं टोक समोरच्या भिंतीपर्यंत न्यायला सांगा. तुमच्या डोळ्यांपासून त्या भिंतीपर्यंत किती फूट भरले, ते कागदावर लिहून ठेवा.

हा आकडा खिशात नसताना दुकानात गेलात, तर तुमचा निर्णय दुसरंच कुणी घेईल. दुकान लांबरुंद असतं. छत उंच असतं. भिंतीवर ६५ इंची टीव्ही ओळीने लावलेले असतात. त्यांच्या शेजारी ४३ इंची टीव्ही अगदीच लहान वाटतो. तोच घरी आणून दहा बाय दहाच्या खोलीत लावला की मोठा वाटू लागतो.

आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये बेडरूम बहुतेक वेळा दहा बाय दहा नाहीतर दहा बाय बारा असते. पलंगाची डोक्याकडची बाजू एका भिंतीला असते आणि टीव्ही समोरच्या भिंतीवर. टेकून बसलं की डोळे मागच्या भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे येतात. म्हणजे दहा फुटांच्या खोलीत पाहण्याचं अंतर उरतं आठ फुटांच्या आसपास. पलंग भिंतीलगत आडवा असेल आणि टीव्ही बाजूच्या भिंतीवर असेल, तर हेच अंतर पाच-सहा फुटांवर येतं. दोन्ही घरांना एकच टीव्ही चालणार नाही.

आता त्या अंतराचे इंच करा. फुटांना बाराने गुणलं की झालं. आठ फूट म्हणजे ९६ इंच. त्याला दोनाने भागा. ४८ आले. याच्या आसपासचा टीव्ही तुमच्या डोळ्यांना बरा. दुकानात ४८ चा टीव्ही सहसा मिळत नाही, ४३ किंवा ५० चा मिळतो. सिनेमाची फार आवड असेल तर थोडं वर जा. नुसत्या बातम्या आणि मालिका बघायच्या असतील तर ३२ इंचांतही काही बिघडत नाही. सहा फुटांचं अंतर असेल तर भागाकार ३६ येतो. तिथे ३२ चा घ्या. चित्र मोठंच हवं असेल तर फार तर ४३, त्याच्या पुढे जाऊ नका. ५५ इंची टीव्ही बेडरूममध्ये तेव्हाच, जेव्हा टेपवर नऊ फूट किंवा जास्त दिसेल.

टीव्हीचे इंच हे पडद्याचं तिरकं माप असतं, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं. भिंतीवर जागा किती लागेल ते त्यावरून पटकन लक्षात येत नाही. म्हणून हे आडवे-उभे आकडे जवळ ठेवा. ३२ इंची पडदा साधारण ७१ सेंटिमीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर उंच असतो. ४३ इंची साधारण ९५ बाय ५४. ५५ इंची साधारण १२२ बाय ६९. कडेची पट्टी यात धरलेली नाही, ती थोडी वर धरा.

मग जुनी वर्तमानपत्रं घ्या. या मापात जोडून, चिकटपट्टीने टीव्हीच्या जागी भिंतीला लावा आणि दोन-तीन दिवस तशीच राहू द्या. कपाटाचं दार उघडताना अडतंय का बघा. स्विचबोर्ड झाकला जातोय का बघा. रात्री पडल्यापडल्या त्या कागदाकडे पाहा. मान वळवावी लागते का, वर करावी लागते का, ते तुम्हालाच कळेल. या एका खटाटोपाने चुकीची खरेदी टळते आणि खर्च काहीच होत नाही.

काही घरांत अजून म्हणतात, ३२ च्या वर गेलं की कर जास्त बसतो. तसं होतं खरं. पण २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. लहान-मोठ्या सगळ्या टीव्हींना आता एकच दर आहे. त्यामुळे केवळ करापायी लहान टीव्ही घेण्याचं कारण उरलेलं नाही. खोलीला जो बसतो तो घ्या.

आकार ठरला की मगच रिझोल्यूशनचा विचार करा. दुकानात याची गोष्ट आधी निघते, म्हणून गोंधळ होतो.

पडद्यावरचं चित्र बारीक ठिपक्यांचं असतं. ते ठिपके किती, एवढंच रिझोल्यूशन सांगतं. खोक्यावर १३६६ बाय ७६८ लिहिलं असेल तर तो एचडी रेडी. त्यात साडेदहा लाखांच्या आसपास ठिपके. १९२० बाय १०८० म्हणजे फुल एचडी, जवळपास २१ लाख ठिपके. ३८४० बाय २१६० म्हणजे ४के, ८३ लाखांच्या आसपास. आकडे ऐकून ८३ लाखच घ्यावेत असं वाटणं साहजिक आहे. पण ते ठिपके तुम्हाला पलंगावरून दिसणार आहेत का, हा खरा प्रश्न आहे.

रांगोळी जवळून पाहिली की कण दिसतात, चार पावलं मागे गेलं की नुसतं चित्र दिसतं. टीव्हीचंही तसंच. चांगल्या नजरेच्या माणसाला, चष्मा असेल तर तो लावून, ३२ इंची एचडी रेडी पडद्याचे ठिपके सहा फुटांपलीकडून वेगळे दिसत नाहीत. ४३ इंची फुल एचडीचेही साधारण सहा फुटांपलीकडून दिसत नाहीत. ५५ इंची फुल एचडीला हेच अंतर सात-सव्वासात फुटांवर जातं. म्हणजे आठ फुटांवरून ४३ इंची पडदा पाहणाऱ्याला फुल एचडी आणि ४के यांतला ठिपक्यांचा फरक कळणारच नाही. ठिपक्यांसाठी म्हणून जास्त मोजलेले पैसे तिथे वाया जातात.

म्हणून माझा सल्ला असा. ३२ इंच घेत असाल आणि सहा फुटांपेक्षा लांबून बघणार असाल, तर एचडी रेडी पुरे. त्याहून जवळून बघणार असाल तर ३२ मध्येही फुल एचडी मिळतो, तो शोधा. ४३ घेत असाल तर फुल एचडीच्या खाली उतरू नका. ५० च्या पुढे सरळ ४के घ्या.

४३ च्या बाबतीत एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. कंपन्या आपले बरे पॅनेल, बरे रंग आणि वेगाने चालणारी यंत्रणा अनेकदा ४केच्याच मॉडेलमध्ये घालतात. किमतीत फरक थोडा असेल आणि समोर ठेवून पाहिल्यावर रंग खरोखर उजवे वाटत असतील, तर ४३ मध्येही ४के खुशाल घ्या. फक्त हप्ता वाढवून, घरातलं दुसरं काही अडवून घेऊ नका. ८केचा विचार बेडरूमसाठी करूच नका.

एका फसव्या वाक्यापासून मात्र सांभाळा. खोक्यावर किंवा जाहिरातीत ‘४के सपोर्ट’, ‘४के व्हिडिओ चालतो’ असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ पडदा ४के आहे असा होत नाही. तो टीव्ही ४के व्हिडिओ घेतो आणि आपल्या कमी ठिपक्यांत बसवून दाखवतो, इतकंच. विक्रेत्याला विचारा, पडद्याचं रिझोल्यूशन किती? उत्तर आकड्यांत मागा आणि तोच आकडा खोक्यावर छापलेला बघा.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. तुमच्या घरात टीव्हीवर येतं काय?

बऱ्याच घरांत बेडरूममधल्या टीव्हीला केबल किंवा डिश जोडलेली असते आणि साध्या वाहिन्यांचा पॅक असतो. साध्या वाहिनीचं चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं असतं. म्हणजे चार लाखांच्या आसपास. तेवढंच चित्र ४के पडद्यावर ताणायचं म्हटलं, तर एका ठिपक्याला २० ठिपक्यांची जागा भरावी लागते. टीव्ही मधली जागा अंदाजाने भरतो. त्यामुळे चेहरे गुळगुळीत दिसतात, अक्षरं पसरल्यासारखी दिसतात. नवा मोठा टीव्ही आणल्यावर ‘जुनाच बरा होता’ असं घरात म्हणतात, त्यामागे बहुतेक वेळा हे कारण असतं. टीव्ही बिघडलेला नसतो.

डीडी फ्री डिश लावलेली असेल, तर तिथेही बहुतेक वाहिन्या साध्याच दर्जाच्या असतात. अशा घरात आईला सह्याद्री आणि बातम्या बघायच्या असतील, तर ३२ इंची टीव्हीवर चित्र जास्त स्वच्छ वाटेल. हे मनाला पटवून घेणं अवघड जातं, पण तसंच आहे.

चित्र सुधारायचं असेल तर आधी सेट टॉप बॉक्स एचडीचा आहे का बघा. झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी यांच्या एचडी वाहिन्या आहेत. त्या वेगळ्या घ्याव्या लागतात आणि त्यांचा दर जास्त असतो. घरात रोज बघितल्या जाणाऱ्या दोन-तीनच एचडीमध्ये घेतल्या तरी भागतं.

आणि टीव्हीच्या मागे हात घालून वायर तपासा. लाल, पांढरी, पिवळी अशी तीन टोकांची वायर असेल तर ती काढा. त्या वायरीतून एचडी चित्र जातच नाही, बॉक्स कितीही चांगला असो. त्याजागी एचडीएमआय वायर लावा. कितीतरी घरांत एचडीचे पैसे दरमहा भरले जातात आणि चित्र मात्र साध्या वायरीतून येतं. आधी ही वायर बदलून बघा. कदाचित नवा टीव्ही घ्यायची गरजच वाटणार नाही.

मोबाइलसारखं इंटरनेटवरच सगळं बघणार असाल, तर हिशोब वेगळा. नेटफ्लिक्सच्या सांगण्याप्रमाणे फुल एचडीला ५ एमबीपीएस वेग लागतो आणि ४केला १५. शिवाय त्यांच्याकडे ४के चित्र फक्त सगळ्यात महागड्या प्लॅनमध्ये मिळतं. ४केमध्ये तासाला ७ जीबीपर्यंत डेटा जातो. मोबाइलचा हॉटस्पॉट लावून बघणाऱ्यांचा दिवसाचा डेटा एका सिनेमाच्या मध्यंतरापर्यंतही टिकणार नाही.

राउटर हॉलमध्ये असेल तर बेडरूममध्ये वेग कमी येतो. मध्ये सिमेंटची भिंत असते, दार लावलेलं असतं. टीव्ही जिथे लागणार तिथे मोबाइल धरा, दार लावा आणि वेग तपासा. तिथे १५ भरत नसेल, तर ४केचं चित्र अडकत राहील किंवा आपोआप खालच्या दर्जावर येईल.

दुकानात गेलात की तिथलं जाहिरातीचं चित्र बघून भुलू नका. फुलं, धबधबे, परदेशी शहरं, हे सगळं मुद्दाम उत्तम दर्जात चित्रित केलेलं असतं. तुम्ही घरी ते बघणार नाही. विक्रेत्याला तुमची रोजची वाहिनी लावायला सांगा. पेनड्राइव्हवर घरातल्या लग्नाचा व्हिडिओ नेला तरी चालेल. ओळखीच्या माणसांच्या चेहऱ्याचा रंग खरा दिसतो की नाही, हे तुमच्याइतकं दुसऱ्या कुणालाच कळणार नाही. चित्राची सेटिंग ‘व्हिव्हिड’वर असेल तर ‘स्टँडर्ड’ किंवा ‘सिनेमा’वर आणायला सांगा.

नंतर बाजूला सरका आणि तिरकं उभं राहून बघा. मग थोडं खाली वाकून बघा. बेडरूममध्ये कुणी पलंगाच्या कडेला असतं, कुणी कुशीवर पडून बघतं. काही पडद्यांचे रंग बाजूने पाहिलं की फिके पडतात. खोलीत दोघं-तिघं बघणार असाल तर ही तपासणी ४केपेक्षा जास्त कामाची आहे.

तुमचे आई-वडील त्या खोलीत राहत असतील तर थोडा वेगळा विचार करा. मोतीबिंदू असेल, चष्म्याचा नंबर वाढलेला असेल, तर ठिपके जास्त असून उपयोग नाही. अक्षरं मोठी दिसायला हवीत. अशा वेळी आकारात एक पायरी वर जा आणि रिझोल्यूशनवर पैसे वाचवा. संवाद स्पष्ट ऐकू येतात का ते दुकानात त्यांनाच ऐकवा. त्यांना घेऊनच जा. रिमोट त्यांच्या हातात द्या आणि बघा, वाहिनी बदलता येते का. रात्री एकाला ऐकायचं आणि दुसऱ्याला झोपायचं असेल, तर ब्लूटूथ हेडफोन जोडता येतो का हेही विचारून घ्या.

टीव्ही बसवायला माणूस येईल, तेव्हा घरी कुणीतरी जाणतं माणूस हवं. बसवणारा उभ्याने बघतो आणि उंचावर खिळे मारतो. तुम्ही बघणार टेकून बसून. पलंगावर टेकून बसल्यावर डोळे जमिनीपासून साडेतीन-चार फुटांवर असतात. पडद्याचा मध्य त्याच्या आसपास आला पाहिजे. आडवं पडून बघायची सवय असेल किंवा खाली कपाट असेल, तर थोडा वर चालेल, पण मग पुढे झुकणारं ब्रॅकेट लावून घ्या. मान वर करून रोज तासभर बघितलं की सकाळी मानेला कळतं.

स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली भोक पाडू देऊ नका. भिंतीच्या आतली वायर बहुधा तिथूनच गेलेली असते. भिंत हलक्या ब्लॉकची किंवा पार्टिशनची असेल तर आधी सांगा, तिला वेगळे अँकर लागतात. पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीवर टीव्ही लावू नका. कोकणात आणि मुंबईत बाहेरच्या बाजूच्या भिंती जून ते सप्टेंबर ओलसर राहतात. आतली भिंत निवडा. एसीच्या बरोबर खाली नको, पाणी ठिबकतं. खिडकीच्या समोर नको, दुपारी पडद्यात खिडकीच दिसते.

भाड्याच्या घरात भिंतीला भोकं पाडायची नसतील तर टेबलावर ठेवा. पण टेबलाची रुंदी आधी मोजा. आता बऱ्याच टीव्हींचे पाय दोन टोकांना असतात, मधोमध नसतात. घरात लहान मूल असेल तर टीव्ही मागून पट्ट्याने भिंतीला बांधून घ्या. ओढल्यावर तो अंगावर पडू शकतो. हे काम उद्यावर टाकू नका.

रात्रीची गोष्ट. अंधाऱ्या खोलीत झगझगीत पडदा डोळ्यांना शिणवतो. टीव्ही आला की पहिल्याच रात्री पडद्याचा प्रकाश कमी करून घ्या. मागे एखादा मंद दिवा असू द्या. बंद होण्याची वेळ लावून ठेवा, म्हणजे झोप लागली तरी तो रात्रभर चालू राहणार नाही. मुलांच्या खोलीत टीव्ही शक्यतो लावूच नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं की एक वर्षाच्या बाळापर्यंत पडदा नकोच आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासापेक्षा जास्त नको. मुलाच्या पलंगासमोर टीव्ही असला, तर हा तास कोण मोजणार?

वळवाच्या पावसात विजा चमकू लागल्या की टीव्हीचा प्लग काढा. डिशची वायरही काढा. ती गच्चीवरून येते, हे पुष्कळांच्या लक्षात राहत नाही.

शेवटी टीव्ही घरी येईल तेव्हा काय करायचं ते. खोका उभाच आणायला सांगा, आडवा टाकून आणला तर पडद्यावर ताण येतो. खोका उघडताना मोबाइलवर व्हिडिओ काढा. खोक्यावर बीआयएसची खूण आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का पाहा. टीव्ही चालू करून पूर्ण पांढरं आणि पूर्ण काळं चित्र लावा. पांढऱ्यावर काळा ठिपका किंवा काळ्यावर चमकणारा ठिपका दिसला, तर सही करण्याआधी सांगा. बसवायचे पैसे वेगळे आहेत का, हे बिल करतानाच विचारलेलं असावं. वॉरंटीत पडदा धरलेला आहे का, किती वर्षं, तेही बिलावर लिहून घ्या. बिलाचा फोटो काढून ठेवा. कागद उन्हाने आणि काळाने पुसट होतो. खोका निदान बदलून देण्याची मुदत संपेपर्यंत टाकू नका. दुकानदार ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक लावा. तक्रार करताना बिल आणि तो व्हिडिओ जवळ ठेवा.